हॅनराहन करणं

गरम टॉवेलखाली श्रीमंत-गरीब असं काही राहत नाही. नाक तेवढं बाहेर असतं, आणि नाकं सगळ्यांचीच सारखी केविलवाणी दिसतात. त्या शुक्रवारी सकाळी मी साल्वातोरे न्हाव्याच्या खुर्चीत असाच नाक वर करून पडलो होतो आणि दुपारी मारायच्या थापेची जुळवाजुळव करत होतो. दर जूनमध्ये रेल्वे कामगारांच्या दवाखान्यात जेवण असतं. दवाखाना मी बांधलेला, म्हणून शेवटचं भाषण माझं, आणि भाषण म्हणजे थाप, हे बफेलोत सगळ्यांनी गृहीत धरलेलं. गेल्या साली मी अठराशे त्र्याऐंशीच्या हिवाळ्यातलं बर्फ सांगितलं होतं. ते इतकं पडलं की आमचं एक स्टेशनच हरवलं, आणि एप्रिलात सापडलं तेव्हा आतले उतारू एकमेकांचे व्याही झालेले होते. त्याआधीच्या साली आमच्या लाइनीवरचं ते वळण, जिथे इंजिनड्रायव्हरला आपल्याच शेवटच्या डब्याला वाट द्यायला थांबावं लागायचं. यंदा काय सांगावं? एखादी गाय बरी. गाईला लोक नेहमी हसतात. अशी ती गाय टॉवेलखाली हळूहळू आकाराला येत होती, आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस, आवाजावरून दातांचा डॉक्टर किंवा पियानो विकणारा, आपल्या मेहुण्याची हकीकत सांगत होता. मेहुण्यानं चढावर मोटार उभी केली, ब्रेक न ओढताच उतरला, आणि मोटार थेट दूधवाल्याच्या काचेत.

"पक्का हॅनराहन केला गड्यानं," तो म्हणाला, आणि साल्वातोरे हसला.

मी टॉवेल बाजूला केला. साल्वातोरेला वाटलं, भाजलं. मी त्याला विचारलं, हॅनराहन म्हणजे काय? तो वस्तरा चामड्यावर ओढत म्हणाला, "असं म्हणतात इथे, साहेब. विसरभोळेपणा केला की हॅनराहन केला. मी नवा आलो तेव्हा मला वाटायचं, एखाद्या पक्ष्याचं नाव असेल." या शहरात येऊन त्याला तीनच वर्षं झाली होती. रेल्वेचं यार्ड त्यानं आगगाडीच्या खिडकीतूनही धड पाहिलेलं नव्हतं. तरी तो शब्द त्याच्या तोंडी इतका सहज होता, की मला माझे पाय त्या लोखंडी पायटेकणीवर एकाएकी परके वाटायला लागले. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो होतो की ती यार्डातली बोली आहे, यार्डाच्या कुंपणात जन्मली आणि तिथेच जुन्या माणसांबरोबर मरेल. आता ती कुंपण ओलांडून दातांच्या डॉक्टरांपर्यंत पोचली होती. उद्या शाळेतली मुलं म्हणतील. मी मेल्यावरही म्हणतील, आणि पक्षी समजून म्हणतील.

कॉन हॅनराहन पक्षी नव्हता. आमच्या टोनावांडा लाइनीच्या यार्डात तो डबे दुरुस्त करायचा. आमच्या म्हणजे कर्नल थ्रूप यांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या. मी ऑगस्टस थ्रूप. रूळ मी एकही टाकला नाही, मला सगळे टाकलेलेच मिळाले. डब्याखाली काम करणाऱ्या माणसाचा एक नियम होता, आजही आहे. खाली शिरण्याआधी त्यानं डब्याच्या टोकाला निळा झेंडा लावायचा. झेंडा असेपर्यंत त्या डब्याला कुठलंही इंजिन शिवायचं नाही. आणि तो झेंडा ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मुकादमानं नाही, यार्डमास्तरनं नाही, खुद्द कर्नलनंही नाही. प्रत्यक्ष देव आला तरी त्यानं आधी खाली वाकून विचारायचं. हे सगळं माझ्याजवळच्या पुस्तकात छापलेलं होतं, कारण अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये मी कॉलेजातून परत आलो तेव्हा वडलांनी मला धंदा शिकायला यार्डात पाठवलं, आणि यार्डमास्तरनं माझी सही घेऊन मला नियमांचं पुस्तक दिलं. सही मी फार देखणी केली. पुस्तक उघडलं नाही. आपल्याच घरात वावरायचे नियम कोण वाचतं?

साल्वातोरेनं दाढी केली, गालावर काहीतरी थंडगार थोपटलं. मी बाहेर आलो. ओटो, माझा ड्रायव्हर, दार उघडून उभा होता. डेलावेअर ॲव्हेन्यूवरची झाडं अगदी हिरवीगार होती, आणि मला त्या हिरवेपणाचा राग आला. ओटोनं विचारलं, दवाखान्यातच ना? मी म्हटलं, अजून वेळ आहे, तळ्याकडून घे. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत मी तळ्याकडून घे म्हटलं नव्हतं. मी हात मोजे घालून मांडीवर ठेवले, मग मोजे काढले, मग पुन्हा घातले. बोटांना गाठ सोडल्यासारखं काहीतरी आठवत होतं. झेंडा डब्याच्या कडीला सुतळीनं बांधलेला होता. वडील अठ्ठ्याऐंशीच्या त्या दिवशी न्यूयॉर्कच्या सावकारांना घेऊन आपल्या खासगी डब्यात जेवायला येणार होते, सावकारांच्या बायका बरोबर होत्या, आणि डब्याच्या मागच्या पितळी कठड्याला मी सजावट करत होतो. लाल कापड होतं, पांढरं होतं, निळं संपलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं तर बाजूच्या रुळावर कोळशाच्या डब्याला एक निळं फडकं लोंबत होतं. माझ्या मनात काय आलं ते मला स्वच्छ आठवतं, कारण काहीच आलं नाही. मी लहान असताना वाढदिवसाला त्या खासगी डब्याला झेंडे लावायचे. यार्डातले झेंडे, यार्डातली घड्याळं, यार्डातली माणसं, सगळं आमचंच होतं. आपल्याच बागेतलं फूल तोडताना कुणी खाली वाकून विचारत नाही. चोर असतो तर निदान आजूबाजूला बघितलं असतं, आणि बघितलं असतं तर डब्याखालून बाहेर आलेले बूट दिसले असते.

फडकं कठड्यावर फार छान दिसलं. एका सावकाराच्या बायकोनं तसं म्हटलंही. आत टेबलावर बर्फात कालवं मांडलेली होती. शंटिंगचं इंजिन बाजूच्या रुळावर त्या कोळशाच्या डब्याला लागलं तेव्हा बशीत एक चमचा किणकिणला, एवढाच मला आलेला आवाज. किंकाळी मी ऐकली नाही. ऐकली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळ वर्षं वाटलं, कारण किंकाळी माणसाला विसरता येते. चमचे रोज असतात. थोड्या वेळानं यार्डमास्तर आला, वडलांच्या कानाशी लागला. वडील उठून मागच्या बाजूला गेले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. माझी गाठ घट्ट बसली होती, त्यांना सोडायला वेळ लागला. फडक्याची चौघडी करून ते स्वयंपाकाच्या खोलीत गेले, आणि लोकर जळल्यासारखा वास आला. मग परत येऊन बसले, नॅपकिनला बोटं पुसली, आणि मला म्हणाले, "लिंबू दे." मी लिंबू दिलं. आमच्या घरात वडलांना सर म्हणत. "घ्या, सर," मी म्हटलं. त्या विषयावर आम्ही आयुष्यभरात बोललो ते एवढंच.

चौकशीत यार्डमास्तरनं लिहिलं, डब्यावर झेंडा आढळला नाही. वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. माझ्या सगळ्या थापांत एक शब्द खरा नसतो आणि त्यांनी आजवर कुणाचं नखही दुखलेलं नाही. खऱ्या शब्दांत खोटं सांगायची वडलांची ती दुसरी विद्या मला कधी जमली नाही. हॅनराहनच्या टोळीतल्या माणसांनी त्या कागदाखाली सह्या केल्या. मग नव्या माणसांना बजावायला त्याचं नाव वापरायला लागले: झेंडा लाव, हॅनराहन करू नकोस. आणि मी? वडील गेल्यावर मी दवाखाना बांधला, परिचारिकांची शाळा काढली, दोन वाचनालयं, आणि घोड्यांसाठी एक संगमरवरी पाणपोई, जी पुरी झाली त्याच साली शहरातले घोडे संपले. वर्तमानपत्रं मला दानशूर म्हणायला लागली. दवाखाना सुरू झाला तेव्हा एक बाई नोकरीला आली. कपडेखात्यात, चादरी, अभ्रे, टेबलावरची कापडं. अर्जावर नाव होतं डीलिया हॅनराहन. मी तिच्या वयाचा हिशेब केला. बाप गेला तेव्हा ती पाच वर्षांची असणार. मी अर्जावर "घ्यावे" असं लिहिलं, आणि त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी क्लबात मी माशांवरची एक थाप मारली, ती अजून लोक सांगतात. हॅनराहन या नावाची माणसं बफेलोत ढिगानं आहेत. ही तीच, हे दवाखान्यात कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि ती कधी बोलली नाही. आज तिला पंचवीस वर्षं पुरी होत होती, आणि माझ्या हातून तिला सोन्याचं घड्याळ द्यायचं ठरलं होतं.

तळ्याला तीन चकरा झाल्यावर ओटोनं न विचारताच गाडी दवाखान्याकडे वळवली.

जेवणघरात साठेक शिकाऊ फिटर बाकांवर दाटीवाटीनं बसले होते, केस पाण्यानं चोपून. शुक्रवारी कॅथलिकांना मांस वर्ज्य, म्हणून तळलेला मासा, बटाटे, कोबीची कोशिंबीर. टेबलांवरची कापडं इतकी कडक की कोपऱ्यांनी बोट कापावं. ती तिच्या हातची. ती भिंतीशी, साखरेच्या भांड्यांजवळ उभी होती. उंच, करडे केस, मनगटाशी बटणं लावलेली. जेवण संपलं आणि प्रेंटिस उठला. हा कंपनीचा सुरक्षा अधिकारी, मनानं वाईट नाही, गळ्यात शिट्टी घालून हिंडतो. त्यानं दरसालचा खेळ सुरू केला. एक प्रश्न, एक आरोळी. लाल कंदील म्हणजे काय? थांबा, अशी आरोळी. आणि शेवटी, सगळ्यांना ठाऊक असलेला: हॅनराहन म्हणजे काय? साठ गळे एका दमात ओरडले, जो झेंडा विसरला तो! टेबलांवर मुठी आपटल्या, काटे उडाले. मी तिच्याकडे पाहिलं. दरसाली त्या घडीला मी तिच्याकडे पाहतो, आणि दरसाली तिचा हात कशाची तरी घडी सरळ करत असतो. पंचवीस आरोळ्या. मी स्वतःला सांगत आलो होतो की तिला ठाऊक नसावं. पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार? पण आज माझ्या गालांवर टॉवेलची ऊब होती, आणि मला दिसलं की ती साखरेच्या भांड्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरून उभी आहे. आतून काही बाहेर येऊ पाहत असल्यासारखं.

प्रेंटिसनं माझं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मी उठलो, आणि गाय गेली. जीभ मात्र सवयीनं चालायला लागली. अठ्ठ्याऐंशी सालचा जून, मी म्हटलं, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि इतका शहाणा की माझी टोपी दर महिन्याला वाढवून घ्यावी लागे. हशा. माझा आवाजच तसा आहे. तो गोष्ट सांगायला लागला की गालातल्या गालात हसतो, मी न हसता. मी तो दाबायचा प्रयत्न केला. यार्ड सांगितलं, कठडा सांगितला, निळं कापड संपलं ते सांगितलं. पुन्हा हशा. मागच्या बाकावरचे पुढे झुकले, त्यांना गंमत जवळ आल्यासारखी वाटली. माझ्या मानेवरून घामाचा एक थेंब कॉलरमध्ये उतरला. "झेंडा होता," मी म्हटलं. "मी काढला. कॉन हॅनराहन काही विसरला नव्हता." कुणीतरी खुदकन हसलं, मग थांबलं. सगळे थांबले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पुढच्या वाक्याची वाट बघत, ज्यात सगळं उलटं होईल आणि हसता येईल. मी ते वाक्य त्यांना दिलं नाही. माझ्याजवळ ते तयार होतं. थापाड्याजवळ ते नेहमीच तयार असतं. मी ओठ मिटून उभा राहिलो.

तेवढ्यात डॉक्टर एमरी उठून आले आणि माझं मनगट धरलं. उकाडा आहे, ऑगस्टस, पाणी घ्या, असं अगदी हळू म्हणाले. प्रेंटिसनं परिस्थिती सावरली. तो मोठ्यानं म्हणाला की थ्रूपसाहेब दरसाली हसवतात, यंदा त्यांनी अंगावर काटा आणला. झेंड्याचं महत्त्व याहून चांगलं कोण समजावून सांगणार? आणि टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या, मनापासून, सुटल्यासारख्या टाळ्या. शेहेचाळीस वर्षं मी या सत्याला भ्यालो होतो, की ते बाहेर पडलं तर छत कोसळेल. ते बाहेर पडलं आणि लोकांनी त्याचे आभार मानले. मी खाली बसलो. पाणी प्यालो. आणि माझ्या आत कुठेतरी एक अगदी हलकट, ऊबदार सुटका पसरायला लागली. चला, सांगून झालं. त्यांनी नाही मानलं, त्याला मी काय करू?

घड्याळाची डबी माझ्यासमोर तशीच पडली होती. ती द्यायला मला पुकारायचं प्रेंटिस त्या गडबडीत विसरला. माणसं उठली, बाक सरकले. कडक बाह्यांचा एक हात डबीजवळ येऊन टेकला.

"मिस्टर थ्रूप," मिस हॅनराहन म्हणाली, "ही थाप होती का?"

"नाही."

"झेंडा डब्याच्या कुठल्या टोकाला होता?"

"नदीकडच्या."

मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो, राग, निदान रडू, ज्याला मी उत्तर देऊ शकलो असतो. ती भिंतीकडे गेली, खुंटीवरची टोपी काढली, टोपीत पिन खोचली आणि परत आली.

"मग उठा," ती म्हणाली. "आई जिवंत आहे. ऐकायला कमी येतं, तुम्हाला मोठ्यानं बोलावं लागेल. गाडी बाहेर आहे ना?"

मी काहीतरी पुटपुटलो, की मला वाटलं होतं, त्या केव्हाच…

"असं सगळ्यांनाच वाटतं," ती म्हणाली.

ती माझ्या शेजारी मागे बसली, ताठ, पर्स मांडीवर. ओटोला तिनंच रस्ता सांगितला. पूल ओलांडून आम्ही नदीकाठच्या आयरिश वस्तीत शिरलो, धान्याच्या कोठारांच्या सावलीत, जिथे हवेलाच भाजलेल्या ओटचा वास येतो. या वस्तीत मी दोन वाचनालयांपैकी एक बांधलं होतं, पण त्या गल्लीत कधी आलो नव्हतो. वाटेत ती एकदाच बोलली. खिडकीबाहेर पाहत तिनं सांगितलं की आई शेहेचाळीस वर्षं एकच सांगत आली आहे: कॉननं झेंडा लावला होता. तो रोज लावायचा, त्या दिवशी न लावायला काय झालं? लोक म्हणायचे, विधवा दुसरं काय म्हणणार? समोरच्या घरातल्या गिलहूलीणीच्या नवऱ्यानं त्या कागदावर पहिली सही केली होती. तो कॉनच्याच टोळीतला. त्याला पोरं होती, नोकरी होती. तो सही करून आला त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. तो गेला, तरी बायका बोलत नाहीत. खिडकीत खिडकी आहे. मी विचारलं नाही की रस्ता किती रुंद आहे. रस्ता आम्हाला लागलाच होता. दोन गाड्या जेमतेम जातील एवढा.

मिसेस हॅनराहन दारापुढच्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. लहानशा, मांडीत पातेलं. मुलीनं कानाशी वाकून काही सांगितलं. म्हातारीनं माझ्या बुटांपासून वर पाहायला सुरुवात केली आणि ती चेहऱ्याशी पोचेपर्यंत मी टोपी काढली होती. मी बोललो. तिनं मान हलवली, ऐकू येत नाही. मी मोठ्यानं बोललो. मग मी ओरडलो. आयुष्यात मी कधी ओरडलो नव्हतो. आमच्याकडे ओरडण्यासाठी माणसं असायची. झेंडा मी काढला, असं मी भर दुपारी, रस्त्यात उभा राहून ओरडलो, आणि शेजारची एक खिडकी वर सरकली, मग पलीकडची. एक माणूस पिंपावरून उठून कुंपणाशी आला.

म्हातारीचे हात मटारात थांबले नाहीत. "तुम्ही केवढे होता?" तिनं विचारलं.

"बावीस," मी ओरडलो.

"कॉन एकोणतीसचा होता." तिनं एक शेंग सोलली. मग पातेलं बाजूला ठेवलं. "डीलिया, समोर जा. गिलहूलीणीला बोलाव."

"आई, ती नाही यायची."

"म्हणावं, कॉनच्या झेंड्याचं आहे. येईल."

डीलिया रस्ता ओलांडून गेली. मी टोपी हातात धरून उभा राहिलो. म्हातारीनं मला बस म्हटलं नाही. दार ठोठावल्याचा आवाज आला. ऊन माझ्या टकलावर सरळ पडत होतं. मग समोरचं दार उघडलं आणि एक जाडजूड म्हातारी काठी टेकत पायऱ्या उतरायला लागली. तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. आणि तेवढ्या वेळात माझ्या डोक्यातला तो जुना कारागीर कामाला लागला. तो म्हणाला, वारा होता म्हण. झेंडा खाली पडला होता, तू उचललास. म्हण वडलांनी आणायला सांगितलं होतं, ते मेलेत, त्यांचं काय जातं? म्हण तू धावत सांगायला गेलास आणि त्यांनी तुला अडवलं. प्रत्येक थाप आधीच्या थापेहून सुबक होती. एकीत तर मी रडत होतो. गिलहूलीणबाई रस्त्याच्या मध्यावर दम खायला थांबल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पायरीवरच्या बाईकडे बघत होत्या, आणि पायरीवरची बाई उठून उभी राहिली होती, एक हात चौकटीवर. रस्त्यात आता दहा-बारा माणसं होती. कुणी हसत नव्हतं.

काठी माझ्या बुटांपाशी येऊन थांबली. "आता पहिल्यापासून," मिसेस हॅनराहन मला म्हणाल्या. "आणि हिलाही कमी ऐकू येतं."

मी वाऱ्याला मध्ये आणलं नाही. वडलांनाही नाही. "झेंडा होता," मी ओरडलो. "हॅनराहननं लावला होता. मी, ऑगस्टस थ्रूपनं, सोडून नेला, सजावटीला."

गिलहूलीणबाईंनी काठी काखेत घेतली आणि कानामागे तळवा धरला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.